देवदारांची पंगत

लवू गुरवांनी हिमालय पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मोटारीतून उतरून त्यांनी चौफेर नजर फिरवली, कानटोपी खाली ओढली आणि लेकीला विचारलं, "सगळा बरा हा गो, पण नारळ खंय?"

डॉ. चारुता गुरव पोटभर हसली. बापाला सिंधुदुर्गातून इथवर आणायला तिला दोन वर्षं विनवण्या कराव्या लागल्या होत्या. आई गेल्यापासून आबा एकटे होते. गावच्या देवळाची पूजा त्यांनी पुतण्याकडे सोपवली होती, पण रोज सकाळी देवळात जाऊन पुतण्याच्या चुका काढायच्या हा उद्योग काही सोडला नव्हता. शेवटी पुतण्यानेच फोन केला, "ताई, आबांका थोडे दिवस घेवन जा. आता देव पण कंटाळलो."

ते साल होतं दोन हजार त्रेचाळीस. शरणधार हे हिमाचलातलं शंभरेक घरांचं गाव आणि गावाच्या डोक्यावर साडेसहाशे देवदारांचं देववन. त्यातली काही झाडं सात-आठशे वर्षांची, चौघांनी हात धरले तरी कवेत न मावणारी. चारुताची प्रयोगशाळा गावाखालच्या उतारावर, तीन पत्र्याच्या खोल्यांची. शेजारी राहायच्या दोन खोल्या. मे महिना असूनही आबांनी तिथे पाऊल टाकताच शेगडी मागितली.

या रानावर आलेलं संकट तांदळाच्या दाण्याएवढं होतं. त्याचं नाव खोडभुंगा. पूर्वी थंडीच त्याचा बंदोबस्त करायची. हिवाळे मवाळ झाले तसा तो डोंगर चढत आला. तो सालीला भोक पाडून आत शिरतो, अंगावर आणलेली बुरशी आत पेरतो आणि झाडाच्या अन्नपाण्याच्या वाटा बंद होतात. झाड राळ सोडून त्याला बुडवू पाहतं. हे शस्त्र लाखो वर्षं पुरलं होतं. पण या भुंग्याने राळेतलंच एक द्रव्य पचवून त्याचा वास तयार करायला शिकून घेतलं, आणि त्या वासाने तो आपल्या भाऊबंदांना जेवायला बोलावू लागला. पाहुण्याला हाकलायला यजमानाने काठी उगारावी आणि पाहुण्याने त्याच काठीने चूल पेटवावी, असला प्रकार.

शेजारच्या दोन खोऱ्यांतले देवदार उभ्या उभ्या तांबडे पडून मेले होते. मग एक समिती बसली. तिने ठरवलं की शरणधारच्या कड्यावर अर्धा किलोमीटर रुंद पट्टा तोडून मोकळा करायचा, म्हणजे भुंग्याला पुढच्या खोऱ्यात जाता येणार नाही. देववन नेमकं त्या पट्ट्यात येत होतं. चारुताचा उपाय सप्टेंबरअखेर सिद्ध झाला तर झाडं उभी राहणार होती, नाहीतर करवती येणार होत्या. आणि तीन वर्षांपूर्वी साऱ्या गावासमोर तिने शब्द दिला होता, की देववनाला हात लागू देणार नाही. तेव्हा शब्द सहज निघून गेला होता. आता तो रोज सकाळी तिच्याआधी उठून बसायचा.

दुसऱ्याच दिवशी ती आबांना देववन दाखवायला घेऊन गेली. वेशीवर देवतेचे कारदार बुधराम उभे होते. कारदार म्हणजे देवस्थानाचा सगळा कारभार पाहणारा माणूस. त्यांनी आबांचे पाय धुवायला पाणी दिलं, चपला बाहेर ठेवायला सांगितल्या आणि रीत समजावली: या वनातली सुकी काडीसुद्धा बाहेर जात नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजतं.

आबांचा चेहरा खुलला. हिंदी त्यांना येत होतं असा त्यांचा समज होता. "हमारे गाव में भी देवराई है. काडी भी भायर नहीं लेता. जो लेता है, उसका वाट लगता है."

"यहाँ भी वही रीत है, बाबाजी," बुधराम म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जणू लहानपणी एकाच शाळेत मार खाल्ला होता.

आत शिरल्यावर मात्र आबा थबकले. खालच्या बाजूच्या चाळीस झाडांना फिती बांधल्या होत्या, वीस निळ्या, वीस पांढऱ्या. चारुता पोकळ गिरमिटाने एका खोडातून बोटाएवढी कांडी काढत होती, सालीसकट.

"ह्या खंय नेतंस?"

"प्रयोगशाळेत. देवाक इचारून परवानगी घेतली हा, आबा."

"कौल घेतलास? बरा केलंस. आणि मगे परत हाडतंस मा?"

चारुताने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गावानेही हीच अट घातली होती, की नेलेलं परत यायला हवं. प्रकल्प संपला की सगळं एकदम परत करू, असं सगळ्यांनीच मोघम मान्य केलं होतं. प्रत्यक्षात कांडीचा अर्धा भाग तपासणीत संपायचा आणि उरलेला अर्धा कचऱ्याच्या डब्यातून भट्टीत जायचा.

"आणि ह्या निळा-पांढरा काय?"

"निळ्यांना औषध दिलंय. पांढऱ्यांना नाही. तुलना करायला."

पांढऱ्या फितीच्या एका झाडावरून आबांनी हात फिरवला आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकले.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "तू नेमका करतंस काय गो? गावात कोण इचारता तर माका सांगूक येणा नाय."

बापाशी ती मालवणीत बोलायची, पण विज्ञान आलं की तिची जीभ पुस्तकी व्हायची आणि आबा ते कीर्तनासारखं मान डोलवत ऐकायचे.

"आबा, आपल्याकडे पूजेची पाळी थोरल्याकडे. तुम्ही थोरले. मग जिवाकाकांना काय काम होतं?"

"जिवाक? कसला काम! दिवसभर व्हाळात नायतर रानात. बापूस त्येका बडवून दमलो."

"आणि पुढे?"

"पुढे साप धरूक शिकलो. कोणाच्या घरात साप दिसलो की जिवाक बोलवा. गाव निवांत झोपायचो तो त्याच्यामुळे, ह्या खरा."

"झाडांतही अगदी तेच झालं. कोट्यवधी वर्षांपूर्वी सूचिपर्णी झाडांच्या पूर्वजात एक जनुक होतं. त्याचं काम घरचं होतं, झाडाला वाढवणारं संजीवक तयार करायचं. कधीतरी नक्कल होताना चूक झाली आणि त्या जनुकाच्या दोन प्रती झाल्या. थोरली प्रत पूजा चालवत राहिली, म्हणून धाकटीला उनाडायची मोकळीक मिळाली. तिच्यात बदल होत गेले. बहुतेक वेळा अशी धाकटी प्रत बिघडून मोडीत निघते. पण एखादी बदलता बदलता नवंच द्रव्य करू लागते, चिकट, कडू, किड्याला नकोसं. ज्या झाडात ती असेल त्याला कीड कमी लागते, त्याची रोपं जास्त जगतात आणि ती प्रत टिकते. मग तिच्या आणखी नकला, त्यांच्या आणखी नकला. राळेतली सगळी द्रव्यं म्हणजे एकाच घराचा विस्तार."

"म्हणजे भाऊबंदकी," आबा समाधानाने म्हणाले.

"त्या भाऊबंदांतला एक मला झोपलेला सापडला. देवदाराच्या प्रत्येक पेशीत तो आहे, धडधाकट आहे, पण त्याच्यावर रासायनिक कुलूप आहे. तो जागा झाला तर असं द्रव्य करतो की भुंग्याला ते पचवताच येत नाही. मी फक्त कुलूप उघडणारा एक लेप केलाय. जनुक बदलत नाही, नुसती हाक मारते."

त्या लेपाला सगळे 'हाक'च म्हणायचे. सालीत छोटं भोक पाडून बोटभर लेप भरला की तीन आठवड्यांत धाकटा भाऊ जागा व्हायचा.

"पण झोपलो कित्याक?" आबांनी विचारलं.

का झोपला, हे चारुता स्वतःलाही विचारत आली होती. ते द्रव्य करायला झाडाला फार ताकद खर्चावी लागते, तेव्हा शत्रू नसताना कुलूप लावणं समजण्यासारखं होतं. पण शत्रू आल्यावर ते उघडायचं कोणी, हे तिला सहा वर्षांत उमगलं नव्हतं. आणखी एक अडचण होती, जी ती आबांना बोलली नाही. खोऱ्यात लाखो देवदार होते आणि हाक एकेका झाडाला हाताने भरावी लागायची. जिंकली असती तरी ती देववनापुरतीच जिंकली असती.

जून-जुलै पावसात गेले. आबा रमले. सकाळी अंघोळ करून हातात स्टीलचा डबा घेऊन फिरायला जायचे, बुधरामांबरोबर बसायचे, तिखट नसलेल्या डाळीला नावं ठेवायचे. एकदा म्हणाले, "गो, ह्या रानात तिरफळाचो वास येता. माका बांगड्याच्या कालवणाची आठवण येता." तिरफळ म्हणजे कोकणातला माशाच्या कालवणाचा मसाला, तो इथे कुठून येणार; घरच्या आठवणीने नाकाला भास होतात, असं समजून चारुताने ते सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये तिने शेवटचे नमुने तपासले. निळ्या वीस झाडांत नवं द्रव्य भरपूर होतं. पांढऱ्या विसांतही होतं. जूनमध्ये पांढरी झाडं गाढ झोपेत होती आणि आता चाळीसच्या चाळीस जागी.

तिने यंत्र धुतलं, पुन्हा तपासलं. तेच. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. पद्मा नेगी खालच्या शहरातून जीपने आल्या. किनौरी बाई, बोलणं मोजकं, मन मोठं. आलेख पाहून त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"चारुता, फरकच दिसत नाही. समिती म्हणेल, उपकरणात खरकटं राहिलं. नाहीतर म्हणेल, हे द्रव्य झाडं आपोआपच करतात, तुझ्या लेपाचा काही संबंध नाही. दोन्हीतलं काहीही म्हणाले तरी शेवट एकच."

"करवत."

"हो. माझ्याही मनाला ते बरं वाटत नाही."

चारुता घरी आली तेव्हा आबा नुकतेच फिरून आले होते. तिला रडू कोसळलं. आबांनी काही न विचारता आपला मफलर काढून तिचं तोंड पुसलं. आणि हुंदका अर्ध्यावर थांबला. मफलरला तिरफळाचा वास होता, तिखट, ओला, नाकात चढणारा. प्रयोगशाळेत हाच वास तिला 'शिखर सतरा' या नावाने ठाऊक होता. आलेखावरची एक उंच रेघ. जाग्या झाडाच्या कांडीतून येणारा वास.

"आबा, तुमच्या मफलराक ह्यो वास कसो?"

आबांनी डबा मागे सरकवला. लपवायची सवय नसलेल्या माणसासारखा, अगदी दिसेल असा. तिने तो उघडला. आत अर्ध्या कांड्या होत्या, निळी चिठ्ठी लावलेल्या.

"कचऱ्यातल्यो आसत," आबा म्हणाले. "भट्टीत घालूच्यो होत्यो. देवाच्या रानातला लाकूड जाळतत? म्हणान परत नेतंय."

"खंय?"

"झाडांच्या मुळात. माती उकरून घालतंय."

"कुठल्या झाडांच्या?"

"पांढऱ्या फितीच्या." आता त्यांच्या आवाजाला धार आली. "निळ्यांक तू औषध दिलंस, पोटभर. त्या इसांक कायच नाय. बाजूक बसवन उपाशी ठेवलंस! आमच्या घराण्यात असो पंक्तिप्रपंच कोणी केलो नाय. म्हणान निळ्यांचा उरलेला त्येंका दिलंय. उष्टा न्हय, उरलेला."

चारुताला शब्द आवरले नाहीत. "सहा वर्षां, आबा! माझी सहा वर्षां मातीत घातलात तुमी!"

"मातीतच घातलंय. भायर खंय नेलंय?"

"ती झाडं उपाशी नव्हती, तोच प्रयोग होता! आता वन तुटणार. तुमच्या पंक्तीपायी तुटणार!"

आबा एकदम म्हातारे दिसू लागले. वन तुटणार हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. लेकीने बापाला काळजी नको म्हणून ते लपवलं होतं, बुधरामांनाही बोलू दिलं नव्हतं. ते आत गेले आणि पिशवीत धोतरं भरू लागले. "माका गावची गाडी बघ," एवढंच म्हणाले.

चारुता तणतणत प्रयोगशाळेत गेली आणि तो डबा समोर आपटून बसली. राग खरा होता, पण तिच्या रागाच्याही वर एक खोड होती: कुठलीही गोष्ट 'कशी' झाली हे कळल्याशिवाय तिला नीट रागावताही यायचं नाही. पांढरी झाडं जागी झाली, ठीक. पण कशाने? लेपातली हाक चार दिवसांत विरघळून जाते आणि कांड्या तर महिन्यानंतरच्या. तिने डब्यातली कांडी तपासली. हाकेचा मागमूस नव्हता. होतं ते फक्त झाडाने केलेलं द्रव्य. मग ती छत्री घेऊन वनात गेली आणि निळ्या झाडांना अगदी खेटून असलेल्या, पण कुठलीच फीत नसलेल्या सहा झाडांचे नमुने घेऊन आली. सहाही झोपलेली. म्हणजे वाऱ्याने काही गेलं नव्हतं. आबांनी ज्यांच्या मुळाशी कांडी पुरली होती, तीच झाडं उठली होती.

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. कुलूप उघडणारी किल्ली तिने शोधली नव्हतीच. ती झाडाकडेच होती. धाकटा भाऊ जे द्रव्य करतो तेच पाझरून शेजाऱ्याच्या मुळांत गेलं की शेजारच्या धाकट्याचं कुलूप उघडतं. पूर्वी भुंग्यांच्या झुंडीशी लढता लढता एखादं जागं झाड पडलं की त्याची साल शेजाऱ्याच्या पायाशी गळून पडत असणार, आणि तोच निरोप असणार, की मी गेलो, तुम्ही उठा. भुंगे नव्हते तेव्हा हळूहळू सगळेच झोपले आणि पहिला निरोप द्यायला कोणी जागं उरलं नाही. 'पण झोपलो कित्याक?' या आबांच्या मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर डब्यात होतं.

आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली. आता हाताने लेप भरायची गरजच नव्हती. एक झाड शंभरांना उठवू शकत होतं आणि ती शंभर झाडं साऱ्या खोऱ्याला.

ती धावतच घरी आली. आबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तिने पिशवी काढून घेतली आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. "आबा, माका माफ करा. तुमी जाऊ नका. माका तुमी हवे आसात."

डॉ. नेगींना तिने सगळं खरं सांगितलं. बापाचं नावही लपवलं नाही. नेगींनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

"नियमाने हा प्रयोग मला रद्द करावा लागेल. आणि तुझ्या नावाने ताशेरा लिहावा लागेल."

"लिहा. पण नवा प्रयोग मांडू द्या. ओढ्यापलीकडच्या सामाईक रानात शंभर झाडं. पन्नासांच्या मुळात जाग्या झाडांची साल, पन्नासांच्या मुळात साध्या देवदाराची साल. तीन आठवडे. समिती येईल त्याच्या आत उत्तर मिळेल."

"आणि तुझे वडील?"

ते सगळ्यात अवघड काम होतं. आबांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "म्हणजे पन्नासांच्या म्होरे नुसती पत्रावळ वाढतलंस. जेवण नाय. ह्या पाप माझ्यादेखत नको."

विज्ञानाने पटणार नव्हतं, हे चारुताला कळत होतं. ती त्यांच्याजवळ बसली. "आबा, देवळात महाप्रसाद असतो तेव्हा तुमी कधी जेवतात?"

"मी? मी वाढूक असतंय. मी मागसून."

"सगळी वाढपी मागसून. ती उपाशी ऱ्हवतत?"

"छे! त्येंची दुसरी पंगत बसता."

"मग ही पन्नास झाडां दुसऱ्या पंगतीची. ती थांबतली म्हणान बाकी सगळ्यांका जेवण गावतला. पैल्या पंगतीचा झाला की तुमी स्वतः त्येंका वाढा. माझो शब्द."

आबांनी शेगडीतले निखारे सारखे केले. "दुसरी पंगत," ते स्वतःशी म्हणाले. मग बोट उगारून, "पण बसली पायजे हां. आणि तवसर मी पण एकच वेळ जेवतलंय. वाढप्यान आदी जेवूचा नसता."

देववनातली साल ओढ्यापलीकडे न्यायची म्हणजे रीत मोडायची होती. बुधरामांनी देवतेला विचारलं आणि उत्तर आणलं, की एका रानातून दुसऱ्या रानात गेलेलं बाहेर गेलं असं होत नाही. त्यांनी ते इतक्या पटकन आणलं, की त्यांनी वाटेतच ठरवलं असावं अशी आबांना शंका होती.

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी चारुताने आबांना थांबलेल्या पन्नास झाडांमध्ये पाहिलं. हातात डबा होता. धापा टाकत ती पोचली आणि डबा हिसकावला. रिकामा होता.

"सवयीन घेतलंय," आबा ओशाळून म्हणाले. "कायएक घालूक नाय. सांगूक इल्लंय त्येंका, की तुमची पंगत मागसून हा, रुसू नका." चारुताला हसावं की रडावं कळेना. तिने त्यांचा हात धरला आणि दोघं उरलेल्या झाडांना सांगत सांगत ओढ्यापर्यंत आली.

सप्टेंबर संपत आला. समितीची माणसं नेगींच्या मागोमाग दोन जीपगाड्यांतून आली, आणि त्याच दुपारी भुंगाही आला. ऊन भलतंच तापलं होतं. कड्यापलीकडून तपकिरी धूर उठल्यासारखा दिसला, आणि मग पत्र्यांवर मूठमूठ तांदूळ फेकावेत तसा आवाज सुरू झाला. बायकांनी दारं लावली. बुधराम देववनाच्या वेशीवर हात जोडून उभे राहिले. चारुताला आता करण्यासारखं काहीच नव्हतं. गेल्या सहा वर्षांत असा एकही दिवस आला नव्हता.

सकाळी सगळे ओढ्यापलीकडे गेले. समितीचे अध्यक्ष पुढे. साधी साल मिळालेल्या पन्नास झाडांच्या बुंध्याशी तांबूस भुसा पडला होता. भुंगे आत शिरत होते. नेगींनी डोळे मिटून घेतले.

मग जाग्या पन्नासांतलं पहिलं झाड आलं. त्याच्या खोडावर शेकडो भोकं होती आणि प्रत्येक भोकातून मधासारखा राळेचा थेंब बाहेर आलेला, आणि थेंबाथेंबात एक भुंगा, पाय वर करून मेलेला. दुसऱ्या झाडावर तेच. तिसऱ्यावर तेच. अध्यक्षांनी बोटाने एक थेंब उचलला, नाकाशी नेला आणि विचारलं, "हा कसला वास?"

"तिरफळ!" आबा मागून मोठ्याने म्हणाले.

चारुता पळत सुटली. ओढा, चढण, वेस. बुधरामांनी वेळ न घालवता तिला आत सोडलं, आज चपलांचीही आठवण करून दिली नाही. फितींची चाळीसच्या चाळीस झाडं थेंबाथेंबांनी चमकत होती. आणि त्यांच्या मागे, बाकी सगळी. तीन आठवड्यांपूर्वी, पलीकडे नवा प्रयोग मांडला तेव्हाच, गावकऱ्यांनी, कोणी न सांगता, आबांचं पाहून देववनात घरोघरच्या हातांनी साल वाटली होती. साडेसहाशे देवदार उन्हात उभे होते आणि एकाच्याही बुंध्याशी भुसा नव्हता. तिने मोठ्याने हाक मारली, "आबा! जिंकलांव! आबा, आमी जिंकलांव!" आवाज समोरच्या कड्यावरून परत आला.

तोडीचा हुकूम त्याच दिवशी रद्द झाला. नेगींनी ताशेरा लिहिला तो लिहिलाच, पण त्याखाली दोन ओळी वाढवल्या, की पुढच्या सर्व खोऱ्यांतलं काम डॉ. गुरव यांच्याकडे सोपवावं.

आबांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. "माझी पंगत," ते म्हणाले. त्या दुपारीच सारं गाव पाठीवर वेताच्या टोपल्या घेऊन ओढ्यापलीकडे उतरलं. आबा पुढे. डब्यातून चिमूटचिमूट साल काढून ते पहिल्या झाडाच्या मुळात घालत, मातीवर थोपटत आणि पुढे सरकत, आणि मागून शंभर हात भराभर वाढत होते. पन्नासांतली नऊ झाडं वाचली नाहीत. आबा त्या नवांजवळ पुन्हा पुन्हा जात राहिले. एकेचाळीस उठली. तिथून टोपल्या पुढच्या रानात गेल्या, मग त्यापुढच्या गावाच्या टोपल्या त्याच्या पुढे. थंडी पडायच्या आत निरोप तीन खोऱ्यांत पोचला होता.

एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिने विचारलं, "बाबा, म्हणजे आपल्या पूर्वजांना हे विज्ञान आधीच माहीत होतं ना?"

चारुताने भाषांतर केलं. आबा हसले. "आमका काय म्हायत! आमी आपले देवाक भिताव. शोधून काढल्यान ता ह्या चेडवान." आणि कॅमेऱ्यासमोरच त्यांचे डोळे भरून आले.

झाडांची पंगत झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाने धाम घातली. धाम म्हणजे इकडचं गावजेवण. देवळाच्या अंगणात जमिनीवर रांगा, पुढ्यात पानं, पितळेच्या भांड्यांत राजमा आणि गोड भात. बुधरामांनी आबांना पहिल्या पंगतीत, अध्यक्षांच्याही आधी, मानाच्या जागी बसवायला हात धरला. आबांनी धोतर खोचलं, सरळ भाताची परात उचलली आणि वाढायला लागले. चारुताने राजमा घेतला. अध्यक्षांना, नेगींना, पोराबाळांना, रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला, सगळ्यांना सारखं.

पहिली पंगत उठली. अंगण झाडून पुन्हा पानं मांडली गेली, आणि बाप-लेक शेजारी शेजारी बसली. समोर बुधराम स्वतः वाढायला उभे होते. वनाकडून वारा आला आणि अंगणभर तिरफळाचा वास पसरला. आबांनी डोळे मिटून तो छातीत भरून घेतला आणि लेकीच्या कानाशी वाकले.

"सगळा बरा हा गो," ते म्हणाले. "बांगडो तेवढो नाय. बुधरामाक सांगू नको."

मग त्यांनी पानाबाहेर देवांच्या नावाने भाताची चित्राहुती घातली, लेकीच्या पानाकडे एकदा पाहिलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.